बाबूराव पेंटर

बाबूराव पेंटर (मूळ नाव : बाबूराव कृष्णराव मेस्त्री, जन्म : कोल्हापूर, ३ जून १८९०, मृत्यू : कोल्हापूर, १६ जानेवारी १९५४) हे मराठी चित्रकार, शिल्पकार, चित्रपट-दिग्दर्शक आणि कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचे संस्थापक होते. मूकपटांच्या काळात चित्रपटाची रंगीत व सचित्र भित्तिपत्रके स्वतः रंगवून त्यांनी भारतीय चित्रपटाच्या जाहिरातकलेचा पाया घातला. त्यांना ‘कलामहर्षी’ या उपाधीने ओळखले जाते. ‘पेंटर’ हे त्यांचे आडनाव नव्हते. व्यवसायावरून लोकांनी दिलेले ते नाव पुढे त्यांची कायमची ओळख ठरले. त्यांच्या मूकपटांपैकी बहुतेक आज नष्ट झाले असल्याने भित्तिपत्रके, पुस्तिका, छायाचित्रे आणि हे नाव यांतूनच त्यांच्या कार्याचा परिचय मुख्यतः होतो.

घराणे व बालपण

बाबूरावांचा जन्म कोल्हापुरातील एका कारागीर कुटुंबात झाला. त्यांचे वडील कृष्णराव मेस्त्री हे सुतारकाम, लोहारकाम, चित्रकाम आणि मूर्तिकाम अशा अनेक कामांत निष्णात होते. हस्तिदंतावरील कोरीवकामही त्यांना अवगत होते. बाबूरावांनी कोणत्याही कलाशाळेत पद्धतशीर शिक्षण घेतले नाही. रंग, लाकूड, माती आणि धातू या माध्यमांची ओळख त्यांना वडिलांच्या हाताखाली झाली. पुढे चित्रपटाच्या व्यवसायात कॅमेऱ्याच्या सुट्या भागांपासून पात्रांच्या दागिन्यांपर्यंत सर्व वस्तू स्वतः घडवण्याची जी सवय त्यांच्यात दिसते, तिचे मूळ या घरच्या शिक्षणात आहे.

त्या काळी कोल्हापूर संस्थानात छत्रपती शाहू महाराजांच्या आश्रयाने चित्रकला, संगीत, नाटक आणि कुस्ती यांना बहर आला होता. आबालाल रहिमान यांच्यासारखा चित्रकार दरबारात होता. नाटक मंडळ्यांचे मुक्काम शहरात वरचेवर पडत. सुंदर निसर्गदृश्ये, राजवाडे आणि देवळे रंगवलेले पडदे ही संगीत नाटकाची मोठी गरज असल्यामुळे चांगल्या चित्रकाराला काम मिळण्याची सोय होती.

‘पेंटर’ हे नाव

बाबूरावांच्या घराण्याचे ‘मेस्त्री’ हे आडनावही मुळात व्यवसायवाचकच आहे. हा शब्द पोर्तुगीज भाषेतून मराठीत आला असून कसबी कारागीर किंवा कारागिरांचा म्होरक्या असा त्याचा अर्थ होतो. बाबूराव आणि त्यांचे नात्यातील बंधू आनंदराव हे नाटकांचे पडदे रंगवू लागल्यावर या दोघांच्या नावापुढे ‘पेंटर’ हा इंग्रजी शब्द लागला. एका पिढीचे हातकाम सांगणारा पोर्तुगीज शब्द मागे पडून दुसऱ्या पिढीचे काम सांगणारा इंग्रजी शब्द त्याच्या जागी आला.

दुकानांच्या पाट्या, नाटकांचे पडदे आणि व्यक्तिचित्रे रंगवणाऱ्या कारागिराला नावापुढे ‘पेंटर’ लावून संबोधण्याची पद्धत महाराष्ट्रातील गावोगावी रूढ आहे. कामाच्या कोपऱ्यात घातलेले असे नाव ही त्या कारागिराची सही असते आणि जाहिरातही असते. बाबूरावांच्या बाबतीत विशेष हे की दिग्दर्शक, निर्माता आणि कंपनीचे मालक झाल्यावरही त्यांनी हे नाव टाकले नाही. चित्रपटसृष्टीत ते बाबूराव मेस्त्री म्हणून नव्हे, तर बाबूराव पेंटर म्हणूनच वावरले. चित्रपट हे आपल्या चित्रकलेचेच पुढचे रूप आहे, ही त्यांची धारणा त्यांच्या कामाच्या पद्धतीतून सतत दिसते.

रंगभूमीसाठी काम

सुमारे १९१० ते १९१६ या काळात आनंदराव आणि बाबूराव यांनी पश्चिम भारतातील अनेक संगीत नाटक मंडळ्यांसाठी आणि पारशी नाटक कंपन्यांसाठी पडदे रंगवले. यथार्थदर्शन, खोली आणि छायाप्रकाश यांवरील त्यांच्या प्रभुत्वामुळे या पडद्यांना मोठी मागणी होती. सपाट कापडावर राजवाड्याच्या दालनाचा किंवा रानातील वाटेचा भास निर्माण करण्याचे हे काम पुढे चित्रपटाच्या चौकटीची मांडणी करताना त्यांना उपयोगी पडले. मात्र स्वतःच्या चित्रपटांत त्यांनी रंगीत पडद्यांवर विसंबून न राहता लांबी, रुंदी आणि खोली असलेले नेपथ्य उभारले. कॅमेऱ्यासमोर रंगवलेला पडदा खोटा दिसतो, हे पडदे रंगवणाऱ्या कलावंताच्याच प्रथम लक्षात आले.

कॅमेऱ्याची निर्मिती

दादासाहेब फाळके यांचा राजा हरिश्चंद्र हा चित्रपट १९१३ मध्ये प्रदर्शित झाला. त्याने भारावून जाऊन दोघा बंधूंनी चित्रपट काढण्याचा निश्चय केला. मुंबईच्या चोरबाजारातून त्यांनी चित्रपट दाखवण्याचे एक जुने यंत्र विकत आणले आणि चित्रपट दाखवता दाखवता या नव्या माध्यमाचा अभ्यास केला. चित्रीकरणासाठी लागणारा परदेशी कॅमेरा त्यांच्या आवाक्याबाहेरचा होता. म्हणून स्वतःच कॅमेरा तयार करण्याचे काम त्यांनी हाती घेतले.

हे काम अपुरे असतानाच १९१६ मध्ये आनंदरावांचे निधन झाले. बंधू आणि सहकारी अशा दोन्ही नात्यांनी हा आघात मोठा होता. बाबूरावांनी विष्णुपंत दामले या आपल्या शिष्याच्या साहाय्याने १९१८ च्या सुमारास कॅमेरा पूर्ण केला. या कॅमेऱ्यावरच कंपनीचे पहिले चित्रीकरण झाले.

महाराष्ट्र फिल्म कंपनी

कंपनीसाठी भांडवल उभे करणे सोपे नव्हते. बाबूरावांच्या कलेच्या चाहत्या असलेल्या गायिका तानीबाई कागलकर यांनी कर्जाऊ रक्कम दिली आणि १९१७-१८ च्या सुमारास कोल्हापुरात महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली. विष्णुपंत दामले, साहेबमामा फत्तेलाल, बाबूराव पेंढारकर आणि १९२० मध्ये कंपनीत आलेले व्ही. शांताराम हे तेथील प्रमुख सहकारी होते. कंपनीचे स्वरूप पेढीपेक्षा कारखान्यासारखे आणि कारखान्यापेक्षाही गुरुगृहासारखे होते. एकाच माणसाने नेपथ्य उभारावे, पडद्यावर भूमिका करावी, फिल्म धुवावी आणि गरज पडल्यास झाडूही मारावा, अशी तेथील शिस्त होती.

कंपनीचा पहिला चित्रपट सैरंध्री ७ फेब्रुवारी १९२० रोजी पुण्याच्या आर्यन चित्रपटगृहात प्रदर्शित झाला. त्याचे कथानक कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांच्या कीचकवध या नाटकावर आधारलेले होते. ब्रिटिश सरकारने या नाटकावर पूर्वी बंदी घातली होती. चित्रपटातील कीचकाच्या वधाचे दृश्य इतके जिवंत उतरले होते की प्रेक्षक हादरून गेले आणि पुढे ते दृश्य वगळावे लागले. लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ ही पदवी देऊन त्यांचा गौरव केला.

चित्रपटात काम करणे स्त्रियांसाठी त्या वेळी अप्रतिष्ठेचे मानले जाई. फाळक्यांना राजा हरिश्चंद्रमध्ये तारामतीच्या भूमिकेसाठी पुरुष नट घ्यावा लागला होता. सैरंध्रीमध्ये गुलाबबाई आणि अनुसूयाबाई या स्त्रियांनी भूमिका केल्या. पडद्यासाठी त्यांना अनुक्रमे कमलादेवी आणि सुशीलादेवी ही नावे देण्यात आली. या धाडसाची किंमत त्यांना मोजावी लागली. त्यांच्या समाजाने त्यांना वाळीत टाकले आणि काही काळ त्यांना कंपनीच्या आवारातच राहावे लागले. बाबूरावांना लोकांनी दिलेले नाव त्यांनी आनंदाने मिरवले. या दोघींना मात्र घेतलेले नाव हे नव्या ओळखीबरोबरच आडोसाही होता.

यानंतर सुरेखाहरण (१९२१) आणि वत्सलाहरण (१९२३) यांसारखे पौराणिक चित्रपट कंपनीने काढले. हरि नारायण आपटे यांच्या गड आला पण सिंह गेला या कादंबरीवरील सिंहगड (१९२३) हा तिचा पहिला महत्त्वाचा ऐतिहासिक चित्रपट होय. रात्रीच्या प्रसंगांसाठी त्यात कृत्रिम प्रकाशाचा वापर करण्यात आला. सूर्यप्रकाशावर सर्वस्वी अवलंबून असलेल्या तत्कालीन चित्रीकरणात ही मोठी सुधारणा होती.

चित्रीकरणापूर्वी बाबूराव पात्रांची वेशभूषा, हालचाली आणि प्रसंगांची मांडणी यांची रेखाचित्रे काढीत. कॅमेऱ्यासमोर गाळण्या वापरून दृश्य हळूहळू उजळवणे किंवा विझवणे, प्रकाशाच्या साहाय्याने चेहऱ्याला उठाव देणे अशा युक्त्याही त्यांनी वापरल्या. निरनिराळ्या प्रसंगांना निरनिराळा रंग न देता संपूर्ण चित्रपटाचा एकच डोळ्यांना पटणारा चेहरा असावा, हा या सर्व तयारीमागचा हेतू होता.

भित्तिपत्रके आणि चित्रपटाची ओळख

मूकपटांच्या आरंभीच्या काळात चित्रपटाची जाहिरात मुख्यतः मजकुराच्या आधारे होत असे. हस्तपत्रकावर किंवा वृत्तपत्रात चित्रपटाचे नाव, खेळांच्या वेळा आणि तिकिटांचे दर छापले जात. ही सर्व अक्षरे छापखान्यातील तयार खिळ्यांची असत. देवनागरीच्या खिळ्यांचा दर्जा मुंबईच्या निर्णयसागर छापखान्याने उंचावला होता, तरी ते खिळे मुख्यतः पुस्तकांसाठी घडवलेले होते. भिंतीवर दुरून वाचता येईल इतकी मोठी अक्षरे शिशात ओतणे खर्चाचे आणि अवजड काम होते. शिवाय काना, मात्रा, वेलांटी आणि जोडाक्षरे यांमुळे देवनागरी खिळ्यांचा संच इंग्रजीच्या मानाने फार मोठा होतो. एकाच ठशातून निघालेल्या अक्षरांमुळे पौराणिक चित्रपटाची आणि औषधाची जाहिरात पुष्कळदा सारखीच दिसे.

शिळामुद्रणात ही अडचण राहत नाही. गुळगुळीत दगडावर तेलकट शाईने चित्र आणि अक्षरे दोन्ही हातानेच काढली जातात आणि प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड वापरला जातो. त्यामुळे शिरोरेषा लांबवणे, अक्षराला चित्राच्या वळणाने वाकवणे किंवा नावाला रंग व सावली देणे शक्य होते. राजा रविवर्मा यांनी १८९४ मध्ये मुंबईत काढलेल्या छापखान्यातील देवदेवतांची रंगीत चित्रे याच तंत्राने घरोघरी पोहोचली होती. रंगीत छापील चित्र पाहण्याची सवय असलेला प्रेक्षक चित्रपटाला आयताच मिळाला होता.

या परिस्थितीत बाबूरावांनी आपल्या चित्रपटांची भित्तिपत्रके स्वतः रंगवण्यास सुरुवात केली. त्यांत कथेतील एखादा उत्कट क्षण निवडून पात्रांचे चेहरे, वेशभूषा आणि वातावरण यांचे वास्तववादी चित्रण केलेले असे. वत्सलाहरण आणि कल्याण खजिना (१९२४) या चित्रपटांच्या भित्तिपत्रकांचा उल्लेख या संदर्भात विशेषत्वाने होतो. कल्याण खजिनाचे भित्तिपत्रक हे आज उपलब्ध असलेल्या सर्वांत जुन्या सचित्र भारतीय चित्रपट-भित्तिपत्रकांपैकी एक मानले जाते.

भित्तिपत्रकांबरोबर चित्रपटाची माहिती आणि छायाचित्रे असलेल्या पुस्तिका काढण्याची प्रथाही बाबूरावांनी सुरू केली. चित्रपट मुका असल्यामुळे कथा समजण्यास प्रेक्षकांना पुस्तिकेची मदत होई आणि खेळ संपल्यावर ती घरी नेता येई. रस्त्यावरील भित्तिपत्रक, हातातील पुस्तिका आणि पडद्यावरील चित्र ही एकाच कलावंताच्या नजरेतून आलेली असल्याने कोल्हापूरच्या कंपनीचा चित्रपट प्रेक्षकांना दुरूनही ओळखू येऊ लागला. आज ज्याला संस्थेची दृश्य ओळख म्हणतात, तिची बाबूरावांनी घडवलेली ही आरंभीची रीत होय. त्यासाठी त्यांनी वेगळे शास्त्र मांडले नाही. पेंटराच्या दुकानातील काम त्यांनी चित्रपटाच्या व्यवसायात आणले.

सावकारी पाश

नारायण हरी आपटे यांच्या कथेवर आधारित सावकारी पाश (१९२५) हा बाबूरावांचा सर्वांत महत्त्वाचा चित्रपट समजला जातो. सावकाराच्या कर्जात जमीन गमावलेला शेतकरी शहरात जाऊन गिरणीकामगार होतो, अशी त्याची कथा आहे. तरुण शेतकऱ्याची भूमिका व्ही. शांताराम यांनी केली. पौराणिक आणि ऐतिहासिक कथांच्या काळात समकालीन ग्रामीण दारिद्र्य पडद्यावर आणणारा हा आरंभीचा भारतीय चित्रपट होय. मंद उजेडात टिपलेली काळोखी झोपडी आणि रडणारा कुत्रा यांचे दृश्य पाहणाऱ्यांच्या दीर्घकाळ स्मरणात राहिले.

चित्रपटाला अपेक्षित यश मिळाले नाही. देवदेवता आणि शूर सरदार पाहण्यास आलेल्या प्रेक्षकाला हे वास्तव जड गेले. बाबूरावांना पुन्हा पोशाखी चित्रपटांकडे वळावे लागले. सावकारी पाश १९३६ मध्ये बोलपटाच्या रूपात पुन्हा काढण्यात आला.

कंपनीचा शेवट

कंपनीचा पसारा वाढला तसे तिच्या कारभारात मतभेद निर्माण झाले. १९२९ मध्ये दामले, फत्तेलाल, शांताराम आणि धायबर यांनी कंपनी सोडली आणि सीतारामपंत कुलकर्णी यांच्या भागीदारीत १ जून १९२९ रोजी कोल्हापुरातच प्रभात फिल्म कंपनी स्थापन केली. कंपनीचे आधारस्तंभ एकदम निघून गेल्याने बाबूरावांचे मोठे नुकसान झाले.

तुतारी फुंकणारी स्त्री ही प्रभातची निशाणी पुढे सर्व महाराष्ट्राच्या परिचयाची झाली. चित्रपट सुरू होण्यापूर्वी केवळ चित्रावरून कंपनी ओळखू यावी, ही कल्पना प्रभातने पूर्णत्वास नेली. ती नेणारे कलावंत बाबूरावांच्याच हाताखाली तयार झाले होते.

१९३१ मध्ये भारतात बोलपट सुरू झाला. बाबूरावांना त्याविषयी फारशी आस्था नव्हती. मोठ्या कष्टाने विकसित झालेली चित्राची भाषा बोलण्याच्या भरात मागे पडेल, अशी त्यांना भीती वाटत होती. त्यांची भीती अगदीच निराधार नव्हती, कारण आरंभीचे अनेक बोलपट संवाद आणि गाणी यांतच अडकून पडले. दुसरीकडे, दामले-फत्तेलाल यांच्या संत तुकाराम (१९३६) या चित्रपटाने आवाज आणि चित्र यांचा मेळ बसवता येतो हेही दाखवून दिले. महाराष्ट्र फिल्म कंपनी मात्र या बदलात टिकली नाही आणि बोलपटाच्या आगमनाबरोबर ती बंद पडली.

उत्तरकाळ

बोलपटाच्या काळात बाबूरावांनी कोल्हापूरच्या शालिनी सिनेटोनसाठी उषा (१९३५) आणि प्रतिभा (१९३७) हे चित्रपट दिग्दर्शित केले. पूर्वीचे यश त्यांना पुन्हा लाभले नाही. हळूहळू ते चित्रपटापासून दूर होऊन चित्रकला आणि शिल्पकला या आपल्या मूळ व्यवसायाकडे परतले. कोल्हापुरातील शिवाजी चौकातील छत्रपती शिवाजी महाराजांचा अर्धपुतळा ही त्यांची कृती होय.

व्ही. शांताराम यांच्या आग्रहावरून राजकमल कलामंदिराच्या लोकशाहीर रामजोशी (१९४७) या चित्रपटाच्या दिग्दर्शनात ते सहभागी झाले. ग. दि. माडगूळकर यांची गीते, जयराम शिलेदार व हंसा वाडकर यांच्या भूमिका असलेला हा चित्रपट अतिशय लोकप्रिय ठरला. एके काळी गुरूच्या कंपनीत पडेल ते काम करणाऱ्या शिष्याने आपल्या संस्थेत गुरूला दिग्दर्शनासाठी बोलावले, हा या चित्रपटामागील हृद्य योग होय. १६ जानेवारी १९५४ रोजी कोल्हापूर येथे बाबूरावांचे निधन झाले.

वारसा

मूकपटांची फिल्म नायट्रेटची असे. ती लवकर पेट घेते आणि नीट जपली नाही तर आपोआप कुजते. जुन्या फिल्मांतील चांदी काढून घेण्यासाठीही अनेक प्रती नष्ट करण्यात आल्या. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाची स्थापना १९६४ मध्ये झाली, तोपर्यंत महाराष्ट्र फिल्म कंपनीचे बहुतेक चित्रपट नाहीसे झाले होते. मूळ सावकारी पाश आज पाहता येत नाही. मुरलीवाला (१९२७) आणि सती सावित्री (१९२७) यांचे काही अंश शिल्लक आहेत. जाहिरातीसाठी छापलेला आणि काम संपताच भिंतीवरून उतरण्यासाठीच असलेला कागद चित्रपटापेक्षा अधिक टिकला. त्यामुळे बाबूरावांच्या रचनेची, रंगांची आणि प्रकाशाची कल्पना करण्यासाठी अभ्यासकांना भित्तिपत्रके, पुस्तिका आणि स्थिरचित्रे यांचा आधार घ्यावा लागतो.

बाबूरावांच्या शिष्यपरंपरेतून मराठी चित्रपटाची पुढील पिढी उभी राहिली. भित्तिपत्रक रंगवण्याची कोल्हापूरची परंपराही त्यांच्यानंतर चालू राहिली. चित्रपटांची भव्य जाहिरातचित्रे आणि शिवछत्रपतींचे सर्वमान्य चित्र यांसाठी प्रसिद्ध असलेले जी. कांबळे हे याच शहरातील चित्रकार होत. महाराष्ट्र फिल्म कंपनीच्या स्मरणार्थ कोल्हापुरात कॅमेऱ्याचे शिल्प असलेला स्तंभ उभारण्यात आला आहे. शहरातील कलामहर्षी बाबूराव पेंटर फिल्म सोसायटी ही संस्था चित्रपट महोत्सव भरवते. तिच्या नावात मेस्त्री हे आडनाव नाही, पेंटर हेच आहे.

निवडक चित्रपट

सैरंध्री (१९२०)
सुरेखाहरण (१९२१)
वत्सलाहरण (१९२३)
सिंहगड (१९२३)
कल्याण खजिना (१९२४)
सती पद्मिनी (१९२४)
सावकारी पाश (१९२५)
मुरलीवाला (१९२७)
सती सावित्री (१९२७)
उषा (१९३५)
प्रतिभा (१९३७)
लोकशाहीर रामजोशी (१९४७, व्ही. शांताराम यांच्यासह)